गोळ्यांच्या भरात दिलेलं चूलबंद आवतन

एका दुपारी मी आमच्या गल्लीत घरोघरी जाऊन महालक्ष्मीच्या जेवणाचं चूलबंद आवतन देऊन आले. एकही घर सोडलं नाही. कोपऱ्यावरच्या पीठगिरणीवाल्याला दिलं आणि त्याच्याकडे गहू दळायला आलेल्या बाईलाही दिलं. तिचं घर कुठे आहे तेही मला माहीत नव्हतं. घरी येऊन गटागटा पाणी प्यायले आणि इतका आनंद झाला की एकटीनेच टाळ्या वाजवल्या. अडचण एवढीच होती की आमच्या महालक्ष्म्या आमच्या घरी बसत नाहीत. आम्ही राहतो अमरावतीत. महालक्ष्म्या बसतात अकोल्याला, माझ्या मोठ्या जावेच्या घरी. आणि जावेला यातलं काहीही माहीत नव्हतं.

चूलबंद म्हणजे त्या घरातलं लहान-मोठं, म्हातारं, आलेला पाहुणा, सगळेच. त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. आता सगळ्यांकडे गॅस आला तरी बोलताना चूलच म्हणतात. असं आवतन दिलं आणि जेवू घातलं नाही, तर अख्खं घर तुमच्या नावाने उपाशी राहतं. म्हणून आमच्याकडे लोक ते फार जपून देतात. मी तर आयुष्यात साधं आवतनसुद्धा कोणाला दिलं नव्हतं.

मी बोलणारी बाई नाही. बार्शीटाकळीच्या शाळेत चौथीपर्यंत होते, तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणायचंही मला व्हायचं नाही. समोर बसलेली असूनही गुरुजी माझी गैरहजेरी लावायचे. लग्न होऊन अमरावतीला आले तर दुकानात बोट दाखवून सामान घ्यायची. एकदा बोट चुकलं आणि साबणाऐवजी उंदराचं औषध आलं. ते मी घरी आणलं, पण परत करायला गेले नाही. अकोल्याला महालक्ष्मीला दरवर्षी जायचे ते थेट मागच्या अंगणात. वडे तळायचे, भांडी घासायचे. पुढच्या खोलीत पंगती उठायच्या, बसायच्या, आणि जावेचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. माझी जाऊ बोलायला लागली की शेजारच्या घरातले लोक टीव्हीचा आवाज वाढवतात.

तर त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला माझा उजवा डोळा लाल झाला. मग दुखायला लागला. मग डोळ्यापुढे धुकं आलं. तांदूळ निवडायला बसले की खडा आणि दाणा सारखाच दिसायचा. आमचे हे कूलर दुरुस्त करतात, त्यांच्या वाळ्याच्या ताट्या भरतात. पावसाळ्यात ते काम बसतं, म्हणून घरीच जेवायचे आणि रोज एक तरी खडा त्यांच्या दाताखाली यायचा. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, घरात आम्ही दोघंच. तेवढे दिवस त्यांनी गुपचूप खडे काढून ताटाच्या कडेला लावले. मग एक दिवस खडा फार मोठा निघाला आणि ते म्हणाले, “चाल, डोळा दाखवू.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या. उजेड पाडून पाडून पाहिलं आणि म्हणाल्या, आतून सूज आहे, गोळ्या घ्याव्या लागतील. बारक्या, पांढऱ्या गोळ्या. सुरुवातीला सकाळी नाश्त्यावर एकदम पुष्कळ, मग त्या सांगतील तशा कमी करत जायच्या. आपल्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत, नाहीतर डोळा हाती लागणार नाही. शेवटी घाईघाईत त्या हेही म्हणाल्या की भूक वाढेल, झोप कमी होईल, मूड वर-खाली होईल. मी मान हलवली. मूड म्हणजे काय हे मला माझ्या मुलामुळे माहीत होतं. घरी भोपळा केला की त्याला मूड नसायचा.

दोन-तीन दिवसांतच डोळ्यातलं धुकं पातळ झालं. आणि डोक्यातलं तर पार निघून गेलं. ते इतकी वर्षं होतं हेही मला माहीत नव्हतं. पहाटे उजाडायच्या आत मी टुणकन उठून बसायची. माळ्यावरची भांडी काढून चिंचेने घासली. कूलरच्या जुन्या जाळ्या धुतल्या. भिंतीवर चढलेली पाल हाकलताना तिच्याशी चार शब्द बोलले. भूक तर अशी की भाकर तव्यावर असतानाच हात पुढे व्हायचा.

मग भाजीवाला आला. इतक्या वर्षांत मी त्याच्यापुढे फक्त पिशवी धरलेली. त्या दिवशी मी म्हणाले, “काय भाऊ, हे मेथी हाये का मेथीचा फोटो?” त्याने माझ्या मागे पाहिलं. कोण बोललं ते त्याला कळेना. मी म्हणाले, “मागं काय पायतं? मीच बोलून राहिली.” त्याने घाबरून मेथीची जुडी तशीच दिली आणि वरून कोथिंबीर टाकली.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक शेजारीण आहे, कपडे शिवते. घरात उर्दू-हिंदी बोलतात, बाहेर आमच्यासारखंच वऱ्हाडी. इतकी वर्षं भिंतीवरून वाटी इकडून तिकडे जायची, वाटीबरोबर शब्द जायचा नाही. त्या आठवड्यात मी तिच्या मशीनजवळ जाऊन बसले ते उठलेच नाही. माझं माहेर, माझी शेळी, आमच्या गुरुजींचं टक्कल, सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता मशीन चालवत राहिली आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की सुईत दोराच नाही.

“भाबी,” ती म्हणाली, “तुम बोलती भी हो, मले माहीतच नव्हतं! मैं तो समझी थी, बिचारी मुकी हाये.”

“मलेही माहीत नव्हतं वो!” मी म्हणाले आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिचं गिऱ्हाईक ब्लाउज न घेताच परत गेलं.

आमच्या ह्यांना आधी गंमत वाटली. जेवताना मी एकदा सुरू झाले की चटणीपासून चंद्रापर्यंत जायची. ते म्हणायचे, “घास तं गिळ. मंग सांग.” मी पुण्याला मुलाला भर दुपारी फोन करून लहानपणीचं अंगाईगीत म्हणून दाखवलं. तो कामात, आजूबाजूला साहेब लोक. पूर्ण ऐकून घेतलं बिचाऱ्याने आणि मग हळूच विचारलं, “आई, तू ठीक आहेस ना?” मी म्हणाले, “आजच तं ठीक हावो बाबू!”

सगळंच गोड नव्हतं, तेही लिहून ठेवते. छाती गिरणीच्या पट्ट्यासारखी धडधडायची. हात थरथरायचे. एकदा कपाचा कान तुटला म्हणून मी तासभर रडले, घरात माणूस गेल्यासारखी. एकदा नळावरच्या बाया माझ्याबद्दलच बोलतात असं मनाने घेतलं. मी जाऊन त्यांच्यावर ओरडले. त्या बिचाऱ्या नळाला पाणी कधी येईल ते बोलत होत्या. त्या वेळी मला माझीच भीती वाटली. वाटलं, ही जी ओरडली ती बाई कोण? पण भीतीसुद्धा फार वेळ टिकायची नाही. अर्ध्या तासात पुन्हा गाणं सुरू.

आवतनाची दुपार त्यानंतरची. त्या दुपारी मला जगातली सगळी माणसं आवडत होती. भाद्रपद जवळ आला होता, हवेत ऊन-पाऊस चालू होता आणि माझ्या मनात आलं की आपल्या महालक्ष्मीचं एवढं चांगलं जेवण, पुरणपोळी, कढी, आंबील, सोळा भाज्यांची भाजी, आणि आपल्या गल्लीने ते कधी खाल्लंच नाही! हा केवढा अन्याय. मी पदर खोचला आणि निघाले.

“काकू, महालक्ष्मीच्या जेवनाले याचं. अकोल्याले. चूलबंद.”

“अकोल्याले?” पहिल्या घरची काकू म्हणाली. “येवढं दूर?”

“दूर कायचं? सकाळच्या गाडीत बसलं का मूर्तिजापूर, मंग अकोला. आन बायायले तिकीट अर्धं!”

तिथेच सगळं जमलं. बायांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून आमची गल्ली कुठेही जायला तयारच असते. दुसऱ्या घरी सासू-सून दोघीही एकदम हो म्हणाल्या. त्या दोघींनी एकदम हो म्हणणं गल्लीत पहिल्यांदाच घडलं. तिसऱ्या घरच्या आजी म्हणाल्या, “मले तं फुकटच हाये तिकीट, मी आज येतो!” शिलाईवाल्या शेजारणीने विचारलं, “भाबी, हमको भी?” मी म्हणाले, “तुमच्या घरी चूल नाही का?” ती म्हणाली, “अब तो मैं नया सूट शिवतो.”

आमच्या ह्यांना हे कळलं ते पानठेल्यावर. गिरणीवाल्याने विचारलं, “काय भाऊ, अकोल्याले किती वाजताच्या गाडीनं निंघाचं?” ते घरी आले आणि दारातच बसले.

“तुनं आवतन देल्लं?”

“हो.”

“कोनाले?”

“सगळ्यायले.”

“वहिनीले इचारलं?”

“त्यात काय इचाराचं? त्या काय नाही म्हनतीन?”

वहिनी म्हणजे माझी जाऊ. ती नाही म्हणणार नाही, असं म्हणणारा माणूस आमच्या घराण्यात आजवर झाला नव्हता. हे उठले, फळीवरून गोळ्यांची पट्टी उचलली आणि खिशात घातली. “आजपासून बंद. डोळा गेला तं गेला.”

“मंग खडे कोन पाहीन तांदळातले?” मी म्हणाले आणि मला हसू आवरेना. त्यांना रडू आलं होतं हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं, मेथीपासून अकोल्यापर्यंत. “बाहेरचं काही असन का मॅडम?” असंही विचारलं. त्या म्हणाल्या, बाहेरचं काही नाही, वेडही नाही, हे गोळ्यांचं आहे. काही लोकांना त्या मनावर अशा चढतात. कोणी हसतं, कोणी रडतं, कोणी दोन्ही करतं. डोस उतरला की उतरतं. पण एकदम बंद केल्या तर डोळ्यालाही धोका आणि शरीरालाही, म्हणून पायरी पायरीने खाली यायचं. त्यांनी ह्यांना खिशातून पट्टी काढायला लावली आणि चांगलं रागावल्या. मला पहिल्यापेक्षा कमी गोळ्या लिहून दिल्या आणि खालच्या मजल्यावरच्या मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी शांतपणे माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, झोपेची एक लहानशी गोळी दिली आणि ह्यांना बजावलं, झोप अजिबात आली नाही किंवा नळावरच्यासारखं पुन्हा काही मनात आलं तर लगेच घेऊन या, वाट पाहू नका.

मी दोन्ही डॉक्टरांना आवतन दिलं. चूलबंद. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “आधी डोळा दाखवायला वेळेवर या.”

मग मी उतरत गेले. पाळणा जोरात असतो, मग कोणी ढकलायचं थांबवतं, तसं. आधी पहाटेची जाग गेली. मग गाणं गेलं. मग एका सकाळी भाजीवाल्यापुढे मी पुन्हा नुसती पिशवी धरली आणि तो म्हणाला, “काय वहिनी, आज फोटो नाही का?” मला लाजून जमिनीत जावंसं वाटलं. डोळा मात्र स्वच्छ दिसत होता. आणि त्या स्वच्छ डोळ्याने मी पाहत होते की गल्ली अकोल्याची तयारी करून राहिली आहे. आजींनी नवी चप्पल आणली होती. सासू-सुनेने सारख्या काठाच्या साड्या काढल्या होत्या. शेजारणीची मशीन दिवसभर चालत होती. आणि ज्या बाईने हे सगळं बोलावणं केलं ती गोळ्यांबरोबर निघून गेली होती. मागे राहिले मी, जिला ‘हजर’ म्हणता येत नाही.

हे म्हणाले, “मी जाऊन सांगतो सगळ्यायले, का आवतन रद्द.” मी मान हलवून नाही म्हटलं. घरच्या बाईने दिलेलं आवतन घरचा पुरुष मागे घ्यायला गेला तर गल्ली म्हणेल बाई खरंच वेडी झाली. मीच जाणार होते. मनात वाक्य पाठ केलं, चौथीतल्या कवितेसारखं. ‘काकू, माफ करा, ह्या वर्षी जमत नाही.’

पहिल्या घरी गेले, दारात उभी राहिले. काकू बाहेर आल्या. माझं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

आमच्याकडे रीत अशी की आवतन आधी देतात आणि जेवणाचा दिवस जवळ आला की पुन्हा एकदा येऊन आठवण करतात. ती आठवण न बोलता, नुसतं दारात उभं राहूनही होते, कारण सगळ्यांना ठाऊकच असतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाल्या, “अवो, आठवन हाये! कायले तकलीफ घेतली? नाही पेटत आमची चूल.”

दुसऱ्या घरी सासू म्हणाली, “आलो, आलो!” सून आतून म्हणाली, “पयल्या गाडीनं!” आजींनी तर मला कुंकू लावून पाठवलं. मी जिथे जिथे आवतन मागे घ्यायला गेले तिथे तिथे ते पक्कं करून आले. शेवटच्या घराला, म्हणजे शिलाईवाल्या शेजारणीकडे, मी पोचले. तिने माझा चेहरा पाहिला, मशीन थांबवलं.

“भाबी, क्या हुआ?”

मी खुणेने सांगितलं. थोडं हाताने, थोडं डोळ्याने, शेवटी दोन-तीन शब्दांनी. तिने कपाळावर हात मारला आणि मग तिच्या खांद्यांना जो हादरा बसला तो हसण्याचा होता. “मतलब तू नको म्हनाले गेली, आन सब को पक्का करके आयी?”

मलाही हसू फुटलं. रडू फुटायच्या जागेतून हसू फुटलं.

“अब फोन लगा तुझ्या जावेले,” ती म्हणाली. “मैं इथेच बैठतो. भागायचं नाही.”

मी फोन लावला.

“कोन?” जावेचा आवाज आला. शेजारणीने तो दोन हात लांब बसूनही ऐकला.

“बाई, मी बोलतो.”

“मी कोन?”

“मी. अमरावतीची.”

 ती घाबरून म्हणाली, “काय झालं? कोन गेलं?”

मी कधीच फोन करत नाही, तेव्हा तिचं बरोबरच होतं. मी म्हणाले, “कोनी नाही गेलं. येऊन रायले.”

“कोन येऊन रायलं?”

“गल्ली.”

“गल्ली म्हंजे?”

“आमची. सगळी. महालक्ष्मीच्या जेवनाले. चूलबंद.”

पुढचं मी कसंबसं सांगितलं. डोळा, गोळ्या, दुपार, अर्धं तिकीट. ती एक शब्द बोलली नाही. जावेचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि ते तिच्या बोलण्यापेक्षा मोठं होतं. मग ती म्हणाली, “गोळी तुले देल्ली आन चक्कर मले येऊन रायले.”

“हो बाई.”

“हो काय? माह्या घरी कोन जेवते ते मी ठरवतो. सासूबाई गेल्यापासून मी करून रायली हे. जाय आन सांग त्यायले, नाही म्हना.”

“गेलती. नाही सांगता आलं.”

“काहून?”

“तोंडातून निंघत नाही.”

“आवतन देतानी बरं निंघालं!”

शेजारीण तोंडात दुपट्टा कोंबून बसली होती. मला वाटलं आता फोन ठेवावा, घराला कुलूप लावावं आणि बार्शीटाकळीला निघून जावं. इकडे गल्ली जेवायला निघेल, तिकडे जाऊ दार लावून घेईल आणि मूर्तिजापूरच्या स्टँडवर सगळे केळी खाऊन परत येतील, त्या दिवशी माझ्या दाराकडे पाहत.  आणि तेवढ्यात माझ्या तोंडातून एक वाक्य निघालं, जे मी पाठ केलेलं नव्हतं.

“बाई, महालक्ष्म्या माह्याही हायेत ना? मी आजलोक एक तरी मानूस बलावलं का?”

तिकडे कुकरची शिट्टी झाली. एक. मग आणखी एक.  मग जाऊ म्हणाली, “गॅस बंद करतो, थांब.” मी थांबले. ती परत आली.

“बाया किती? मानसं किती? पोट्टे किती?”

मी सांगितलं.

“बापा!” ती म्हणाली. मग म्हणाली, “आयक. नैवेद्याचं पुरन मी सोवळ्यात करीन. तुह्या गल्लीचं पुरन तू तिकडून शिजवून आन. डाळ मी नाही भिजवत तेवढी. आन दुसरं, पंगतीत आग्रह तूच करशीन. पाहुने तुहे हायेत. मी तोंड उघडनार नाही.”

तिने फोन ठेवला. शेजारीण म्हणाली, “तोंड नाही उघडेगी? ये?” आणि आम्ही पुन्हा हसलो.

जेवणाच्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीला चढलो तेव्हा गाडीत दुसऱ्या कोणाला जागाच राहिली नाही. पुरणाचा मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, आमच्या ह्यांनी मांडीवर घेतला होता, वरून फडकं बांधून. वाहक आला. गंजाकडे पाहिलं.

“याचं तिकीट?”

“कोनाचं?”

“या गंजाचं. बाई हाये का मानूस? अर्धं फाडू का पुरं?”

“पोळीचं पुरन हाये,” आजी मागून ओरडल्या, “पोळी म्हंजे बाईच! अर्धं फाड!” पूर्ण गाडी हसली. गहू दळायला आलेली ती बाईसुद्धा होती, दोन पोरांसकट. तिने मला नमस्कार केला. मीही केला. कुठे राहते ते विचारायचं तेव्हाही झालं नाही.

अकोल्यात जावेचं घर जुन्या शहरात. बोळाबोळांतून सगळे रांगेने चालत गेलो, पुढे गंज. जाऊ दारात उभी होती, कमरेवर हात. तिने पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना पाहिलं. मला वाटलं आता काही तरी बोलेल. ती फक्त म्हणाली, “पाय धुवा,” आणि आत गेली. महालक्ष्म्या बसल्या होत्या, नव्या साड्यांत, वर फुलोरा टांगलेला, करंज्या आणि वेण्या. आजी समोर बसून पाहतच राहिल्या. शेजारणीने एका महालक्ष्मीच्या साडीची निरी सुटलेली पाहिली आणि जावेला विचारलं, “बाई, हात लावू का?” जाऊ म्हणाली, “लाव की, कवापासून मी पिन शोधून रायली.” माझ्या जिवाला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. मी सवयीने मागच्या अंगणात कढईकडे निघाले. जावेने माझ्या हातात पोळ्यांचं ताट दिलं आणि पाठीला धरून मला पुढच्या खोलीत ढकललं. दोन्ही बाजूंनी गल्ली मांडी घालून बसली होती. पत्रावळीवर कढी, भाजी, वडे, पहिली पोळी. सगळे माझ्याकडे पाहत होते. पंगतीत आग्रह म्हणजे ओरडून, हसून, शपथ घालून, ‘माह्या गळ्याची आन हाये’ म्हणून वाढायचं असतं.  त्या दिवसांत गोळी फक्त अर्धी उरली होती.

गिरणीवाला पहिला. त्याची पोळी संपली. मी पुढे झाले. त्याने पत्रावळीवर आडवा हात धरला. “बस वहिनी, झालं.”

 मी उभीच राहिले, हातात पोळी घेऊन.

“खरंच झालं.”

मी उभी.

“अवो, पोट भरलं.”

मी उभी. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, शेजारच्याकडे पाहिलं. मग हळूहळू हात बाजूला केला. मी पोळी वाढली.

काकूंच्या पत्रावळीवर दोन गेल्या. सासूला एक वाढली तर सुनेने स्वतःहून पत्रावळ पुढे केली, नाहीतर मी जाणारच नाही हे तिला कळलं होतं. “बोलनाऱ्या बाईले नाही म्हनता येते,” गिरणीवाला ओरडला, “हे तं काही बोलतच नाही, उभी रायते! इच्याशी भांडाचं कसं?” शेजारीण म्हणाली, “भाबी, रहम करो!” आणि मी तिच्या पत्रावळीवर पोळी ठेवली. आजींनी तर पत्रावळच उचलून छातीशी धरली. मी त्यांच्या पुढ्यात बसून राहिले, त्यांनी पत्रावळ खाली ठेवेपर्यंत. पंगतीत असा हसण्याचा गदारोळ झाला की बाहेरून शेजारचे पाहायला आले आणि मी त्यांच्याही पुढे पोळी धरून उभी राहिले. त्यांनाही बसावं लागलं.

जाऊ आतून लाटून लाटून पाठवत होती. दोन-तीनदा दारात येऊन पाहून गेली. तोंड उघडणार नाही म्हणाली होती, ते तिने पुष्कळ वेळ पाळलं. मग तिच्याने राहवलं नाही. “अवो, दम धर!” ती ओरडली. “गंज रिकामा झाला! आता का महालक्ष्मीच्या हातचं काढून वाढतं?”

संध्याकाळच्या गाडीने गल्ली गेली, पोटावर हात ठेवून, एकमेकींना धरून. आम्ही दोघं मुक्कामाला राहिलो. घरातले पुरुष अंगणात बसले आणि आम्ही दोघी जावा शेवटी जेवायला बसलो. पोळी एकही नव्हती. वडा नव्हता. भाजीच्या पातेल्याला तळाशी चिकटलेला एक भोपळ्याचा तुकडा होता, तो जावेने अर्धा केला. आंबील मात्र भरपूर होती. आम्ही वाट्या भरून घेतल्या.

“आयुष्यात पयल्यांदा,” जाऊ म्हणाली, “महालक्ष्मीले मी बिना पुरनाची जेवून रायली. तुह्या गल्लीपायी.”

मी आंबिलीचा घोट घेतला होता आणि मला गिरणीवाल्याचा तो हात आठवला, हळूहळू बाजूला सरकणारा. आंबील नाकात गेली. मी खोकले, मग हसले, मग थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जाऊ वाटी हातात धरून माझ्याकडे संशयाने पाहत होती.

“आज किती गोळ्या घेतल्या वं?”

“अर्धी.”

“अर्धीच?”

“हो.”

“मंग हासून कायले राहिली येवढी?”

 मी नुसती मान हलवत होते, आणि बघते तर जावेच्या वाटीतली आंबीलही हलायला लागली होती.